लाखोळीची चुनी

१९८५च्या जानेवारीत मी वडशाच्या केंद्रात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून लागले. केंद्र हे तसं मोठं नाव झालं. स्टेशनच्या मागे तेंदूपत्त्याचं एक जुनं गोदाम होतं, त्यातल्या तीन खोल्या. पहिलीत टेबल, रजिस्टर आणि काचेचं सामान. दुसरीत चूल आणि वाफवायचे दोन मोठे जर्मनचे गंज, म्हणजे अल्युमिनियमची पातेली. तिसरीत बांबूच्या मांडण्या, आणि त्यांवर ताटं. त्या ताटांत आम्ही बुरशी वाढवायचो.

नागपूरच्या एका संस्थेचं ते काम होतं. आमच्याकडे धानाचा कोंडा, तणस म्हणजे पेंढा, डाळ भरडताना निघणारी सालीची चुनी हे सगळं गुरांपुढे जातं नाहीतर उकिरड्यावर. त्यावर बुरशी वाढवायची आणि तिच्याकडून एन्झाइम करून घ्यायचं, अशी योजना. आरमोरीला कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. कोशाचा धागा डिंकाने चिकटलेला असतो, धुण्याच्या सोड्यात उकळल्याशिवाय तो सुटत नाही, आणि सोड्याने धागाही खराब होतो आणि बायांचे हातही. आमच्या एन्झाइमने तोच डिंक कोमट पाण्यात सुटावा, असा प्रयत्न होता.

केंद्रात माणसं दोनच, मी आणि बायनाबाई. बायनाबाई पन्नाशीची, वडशाजवळच्या खेड्यातली. नवरा लहानू तळ्यात मासे धरायचा, ती हंगामात धानाच्या रोवणीला आणि कापणीला जायची आणि उरलेले दिवस आमच्याकडे यायची. एन्झाइम म्हणजे काय, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं.

मी म्हटलं, "बुरशीला तोंड नसतं बाई. ती खाण्यावर आधी रस सोडते. रसाने ते पातळ झालं की मग ओढून घेते. तो रस आपल्याला पाहिजे."

"म्हंजे थुंका."

"तसंच काहीतरी."

"एवढं शिकून थुंका गोळा करून राह्यली का व बाई? बापाले सांगितलं का?"

बापाला सांगितलं होतं. माझे बाबा, रामाजी, सिंदेवाहीजवळ दोन एकर धान करायचे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि मुलगी झाली तर तिला शेवटपर्यंत शिकवायचं हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलेलं होतं, असं आई म्हणायची. मी चंद्रपूरला बी.एस्सी. झाले. आमच्या गावात ती तीन अक्षरं लावणारी मी पहिली. बाबांना बुरशीचं काही वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुझं काम नेमकं काय?" मी म्हटलं, मोजणं. त्यांना ते पटलं. "मोजणाऱ्याचं बोट सरळ पाहिजे," एवढं म्हणाले.

कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. कोंडा आणि चुनी दोनास एक मिसळायची. पाणी घालून मुठीत दाबायचं. लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. हे बायनाबाईच्या मुठीला माझ्या वजनकाट्यापेक्षा जास्त कळायचं. मग तासभर वाफ, मग ताटांत पसरून गार करायचं, नागपूरहून आलेली बुरशीची पूड भुरभुरवायची आणि वर ओलं कापड. दुसऱ्या दिवशी ताटातून ऊब यायची, तिसऱ्या दिवशी पांढरी लव, चौथ्या दिवशी ती पिवळट हिरवी व्हायला लागली की काढायचं. पाण्यात भिजवून कापडातून पिळायचं. तपकिरी पाणी निघायचं, तेच आमचं एन्झाइम.

ते किती जोरकस आहे हे मोजायला नागपूरला यंत्र होतं. आमच्याकडे एक्स-रेच्या जुन्या फिल्मा होत्या. फिल्मवरचा काळा थर सरसाने चिकटलेला असतो. फिल्मची बोटभर पट्टी कापून कोमट एन्झाइममध्ये बुडवायची आणि घड्याळ बघायचं. सरस सुटला की काळा थर आपोआप ओघळतो आणि खाली स्वच्छ पारदर्शक पट्टी राहते. जितकी कमी मिनिटं, तितकं एन्झाइम चांगलं. आमची पट्टी अकरा ते तेरा मिनिटांत निवळायची. नागपूरला त्यांनी गव्हाच्या कोंड्यावर केलेलं एन्झाइम वीस मिनिटं घ्यायचं. बापूराव वैरागडे, आमचे नागपूरचे प्रमुख, महिन्यातून एकदा यायचे. रजिस्टर बघायचे आणि खूश होऊन जायचे. ते मूळचे इथून जवळच्या वैरागडचेच. वडशाचं काही चांगलं निघालं की त्यांना घरचंच वाटायचं.

आरमोरीच्या ठमाबाईकडे मी ते पाणी बाटल्यांतून न्यायचे. ठमाबाई मांडीवर धागा वळणारी म्हातारी. पहिल्यांदा तिने त्या पाण्यात भिजलेला कोसा काढला, हुंगला, तोंड वाकडं केलं. मग धागा ओढत गेली.

"तुटून नाई राह्यला," शेवटी म्हणाली. मग शेजारणीला हाक मारली, "इथी ये व, पाह्य हे."

त्या दिवशी एस.टी.त बसून मी तिचं वाक्य रजिस्टरमध्ये जसंच्या तसं लिहिलं.

आता चुनीचं. चुनी गफ्फारभाईंच्या डाळगिरणीतून यायची. वडशात डाळगिरण्या तीनच होत्या आणि गफ्फारभाईंची आम्हाला सगळ्यात जवळ. पन्नास-पंचावन्नचे, उंच, कानात अत्तराचा बोळा, आणि गिरणीच्या धुळीने भुवया कायम पिवळ्या. त्यांनी चुनी फुकट द्यायची कबूल केली. पहिलं पोतं आलं तेव्हा मी उघडून बघितलं. बायनाबाईनेही मूठभर घेऊन हुंगलं.

"लाखोळी हाय," ती म्हणाली.

आमच्या भागात धान कापायच्या आधीच, जमिनीत ओल असताना, उभ्या धानात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. धान निघतं आणि खाली लाखोळी उगवलेली असते. नांगर नाही, खत नाही. सणाला लाखोळीचे वडे होत नाहीत असं घर झाडीपट्टीत मला माहीत नाही. पण ती फार खाल्ली की पाय लुळे पडतात म्हणून सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातलेली होती. पेरायची सगळ्यांनी, खायची सगळ्यांनी, मजुरीत द्यायची सगळ्यांनी, आणि विकायची कोणी नाही, असा कारभार. शेतकरी आपल्या घरच्या खाण्यासाठी गफ्फारभाईंकडून भरडून न्यायचे. चुनी गिरणीत राहायची.

मी रजिस्टर घेऊन गिरणीत गेले, कारण रकान्यात साहित्य आणि ते कुठून आलं हे दोन्ही लिहावं लागायचं. गफ्फारभाईंनी गिरणी बंद करायला लावली, म्हणजे आवाज थांबला.

"बाई, कागदावर लाखोळी नोको लिहू."

"मग काय लिहू?"

"तूर लिही. तुरीची चुनी. माह्याकडं तूरपण निघते ना. मागच्या साली अन्नवाले माह्या तुरीचं सॅम्पल घेऊन गेले. म्हणे तुरीत लाखोळी मिसळतो. केस चालू हाय गडचिरोलीले. आता तुमच्या सरकारी वहीत लिहिलं का गफ्फारच्या गिरणीतून लाखोळी निघते, तर वकीलबी काही करू शकत नाई."

ते मिसळत होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की बुरशीला तुरीचं आणि लाखोळीचं काय. चुनी ती चुनी. मी तिथेच त्यांच्या गादीवर बसून लिहिलं: "तुरीची चुनी, स्थानिक डाळगिरणी." शकिलाभाभींनी, त्यांच्या बायकोने, चहा पाठवला. तो पिऊन मी परत आले.

त्यानंतर पावणेदोन वर्षं मी दर आठवड्याला तेच दोन शब्द लिहिले. लिहून लिहून ते खरे वाटायला लागले.

१९८६चा दसरा झाला आणि नागपूरहून पत्र आलं. आमच्या पद्धतीने संस्थेत तीनदा प्रयोग केला, तुरीची चुनी बाजारातून आणली, आणि तिन्ही वेळा पट्टीला पंचवीसच्या वर मिनिटं लागली. वडसा केंद्राचे आकडे "अविश्वसनीय" वाटतात. दिवाळीनंतर तपासणी अधिकारी स्वतः येऊन, स्वतः आणलेल्या साहित्यावर, सहाय्यकाकडून प्रयोग करवून घेतील.

मी पत्र दोनदा वाचलं. मग नागभीडच्या बाजारातून खरी तुरीची चुनी आणली आणि बायनाबाईला न सांगता चार ताटं लावली. चौथ्या दिवशी पट्टी बुडवली. अठ्ठावीस मिनिटं. दुसरी पट्टी बुडवली. सत्तावीस.

असं का होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. लाखोळीची साल जाड, त्यामुळे ताटात हवा खेळते, असं मला वाटायचं. बापूराव म्हणायचे आतला कस वेगळा आहे. पण फरक होता, आणि तो मी खोट्या नावाखाली दडवला होता.

बायनाबाईने ताटं बघून ओळखलं. "हे कोनाची चुनी हाय? आपल्यावाली नाई वाटत."

मी सगळं सांगितलं. तिने ताटावरचं कापड नीट केलं आणि म्हणाली, "त्यात काय मोठं. साहेब पोतं आनन, आपन रातच्याले दोन पायल्या लाखोळी टाकून देऊ. कोनाले कळते?"

"मग पावणेदोन वर्षं मी खरं मोजलं, याला काय अर्थ राहिला?"

"नोकरी राह्यते, हा अर्थ."

ती चुकीचं बोलत नव्हती. नोकरी मलाही हवी होती. पण पत्रातला "अविश्वसनीय" हा शब्द मला सोसत नव्हता. मी काही मोठी शास्त्रज्ञ नव्हते. मला एकच काम येत होतं, घड्याळाकडे बघून खरं ते लिहायचं. तेच मी केलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

बापूराव तपासणीच्या चार दिवस आधी एकटे आले. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाले, "कांता, आकडे फुगवले असतील तर मला आत्ता सांग. मी काहीतरी करतो."

मी सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"लाखोळी," ते म्हणाले. मग, "अगं, मी तीन ठिकाणी तूर म्हणून बोलून आलो. एका ठिकाणी तर तुरीच्या प्रथिनांवर अर्धा तास बोललो."

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, पण त्यांचं लवकर थांबलं.

"हे बघ. सरकारी संस्था, आणि बंदीची डाळ. हे कागदावर येऊ शकत नाही. तू त्यांच्या तुरीवर प्रयोग कर. पंचवीस येऊ दे. मी म्हणतो, थंडी पडली, वडशाचं हवामान बदललं, बुरशीचं बी जुनं झालं. केंद्र बंद होईल, पण तुझ्यावर कोणी कारवाई करणार नाही."

"आणि माझे आकडे?"

"आकडे कोण लक्षात ठेवतं?"

मी म्हटलं, मी ठेवते.

त्याच दिवशी दुपारी मी गिरणीत गेले. गफ्फारभाई पोत्यांवर बसून पान लावत होते. मी सरळ विचारलं, की तपासणीला लाखोळी सांगायची आहे, तुमचं नाव लिहायची परवानगी द्या. त्यांनी पानाला चुना लावला, पुसला, परत लावला.

"केसची तारीख अठरा नोव्हेंबर हाय, बाई."

"केसचा आणि याचा संबंध नाही, असं मी लेखी देईन."

"तुमी देसान. पन मानन कोन? माह्या दोन पोरींची शादी व्हाची हाय. गिरणीले सील लागलं तर कोनाच्या घरी जाऊ मी?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "मी तुमाले फुकट चुनी देल्ली. कवा काही मांगितलं का? एकच गोष्ट मांगितली होती."

त्यांनी खरंच एकच मागितली होती. मी त्यांना सांगितलं, तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. लाखोळीबद्दल मी काही कबूल केलं नाही, आणि त्यांनीही परत विचारलं नाही. पान त्यांनी मला दिलं. मी पान खात नाही, पण घेतलं.

कशासाठी चालले ते मी बायनाबाईला सांगून निघाले होते; केंद्रात परत आले तर ती घरी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत लाखोळीची चुनी, साधारण चार पायल्या. घरच्या जात्यावर भरडलेली आणि सुपाने पाखडून डाळीपासून वेगळी केलेली.

"हे माह्या घरची हाय," तिने टोपली टेबलावर, रजिस्टरवरच ठेवली. "फागुनात कापनीची मजुरी भेटली होती. मी काही विकली नाई अन् कोनाकून घेतली नाई. लिहा माहं नाव. माह्यावर कोनती केस हाय?"

मी म्हटलं, "तूच तर गुपचूप मिसळायला सांगत होतीस."

"तवा तुमी आयकलं कुठी?"

मला एक भीती होती. गिरणीची चुनी एकसारखी असायची, ही जात्यावरची, कुठे जाड कुठे पीठ. हिच्यावर बुरशी तशीच वाढेल का, हे मला माहीत नव्हतं, आणि आधी करून बघायला दिवस उरले नव्हते. पट्टीने वीस मिनिटं घेतली असती तर मी लाखोळीही कबूल केली असती आणि खोटीही ठरले असते.

तपासणी अधिकारी सोमवारी जीपने आले. बारीक, चष्म्याचे, कमी बोलणारे. सोबत बापूराव आणि मेणाने बंद केलेलं तुरीच्या चुनीचं पोतं. बाहेर नाटकाच्या जाहिरातीची रिक्षा भोंगा लावून फिरत होती, म्हणून त्यांनी खिडकी लावायला सांगितली. ते पोतं उघडायला लागले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, आधी एक सांगायचं आहे. रजिस्टरमध्ये जिथे तुरीची चुनी लिहिलं आहे, तिथे लाखोळी होती. सुरुवातीपासून."

बापूराव लावलेल्या खिडकीकडे बघायला लागले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कोणी लिहिलं तूर?"

"मी."

"का?"

"लाखोळी लिहायची भीती वाटली."

"कोणत्या गिरणीतून आणली?"

"ते मी सांगणार नाही."

"तुम्हाला सांगावं लागेल."

"नाही सांगणार, साहेब. माझ्यावर जे लिहायचं ते लिहा. पण चार ताटं तुमच्या तुरीची आणि चार लाखोळीची लावू द्या. घड्याळ तुमचं, पट्टी तुमच्या हाताने कापा."

"लाखोळी कुठून आणणार आता?"

बायनाबाई दारात उभी होती. "माह्या घरची हाय, साहेब."

"तू विकतेस?"

"विकाले उरते कुठं. आमीच खातो."

"खाल्ल्याने पाय जातात, माहीत आहे ना?"

बायनाबाई दारातून टेबलापर्यंत चालत आली, मग दारापर्यंत परत गेली. "पाहून घ्या साहेब. धड हायत. तुमीबी खाऊन पाहा एकखेप, वडे करून आनतो."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आठ ताटं लावायला परवानगी दिली. प्रत्येक ताटाखाली त्यांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली आणि जाताना तिसऱ्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. सकाळी आणि संध्याकाळी ते रेस्ट हाउसवरून यायचे, कुलूप उघडायचे, आम्ही कापडं ओली करायचो, उबेसाठी शेगडीत कोळसा घालायचो, ते पुन्हा कुलूप लावायचे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या ताटांना ऊब आली. तिसऱ्या दिवशी तुरीच्या ताटांवर छान पांढरी लव होती आणि लाखोळीची दोन ताटं मध्ये बोडकी होती. जिथे पीठ जास्त पडलं होतं तिथे गोळा झाला होता आणि बुरशी कडेनेच फिरत होती. साहेबांनी त्याकडे बोट दाखवलं. बायनाबाईने साहेबांना विचारून ती दोन ताटं बोटांनी हलक्या हाताने मोकळी केली, जसा पातेल्यातला भात मोकळा करतात तसा, आणि त्यात थोडं वाफवलेलं तणस बारीक तोडून घातलं. साहेबांनी तेही वहीत लिहून घेतलं. त्या दोन ताटांचं वेगळं मोजायचं असं ठरलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहा वाजता, पिळलेलं पाणी तीन चंचुपात्रांत होतं. तुरीचं, लाखोळीचं, आणि तणस घातलेल्या लाखोळीचं. साहेबांनी कात्रीने फिल्मच्या सारख्या पट्ट्या कापल्या. मी टेबलापासून दूर, भिंतीला टेकून उभी राहिले. मी घड्याळाकडे बघत नव्हते.

बापूरावांनी पाणी किती गरम आहे ते पाहिलं. साहेबांनी तिन्ही पट्ट्या बुडवल्या.

बायनाबाई उकिडवी बसून पात्रांकडे टक लावून बघत होती, जशी ती चुलीवरच्या दुधाकडे बघायची. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "सुटून राह्यलं."

मधल्या पात्रात पट्टीच्या खालच्या टोकाचा काळा थर लोंबायला लागला होता. मग तो एका बाजूने सरकला आणि तळाशी जाऊन बसला. पट्टी काचेसारखी झाली.

"तेरा," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने तणसाचं पात्र. "चौदा."

तुरीची पट्टी काळीच होती. तिच्यासाठी आम्ही सगळे आणखी तेरा मिनिटं थांबलो. सत्तावीस.

साहेबांनी पुन्हा पट्ट्या कापल्या आणि सगळं पुन्हा केलं. तेरा, तेरा, सव्वीस. मग त्यांनी माझं रजिस्टर मागितलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. जेवणाची वेळ होऊन गेली. ठमाबाईचं वाक्य जिथे लिहिलं होतं तिथे थांबून विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

शेवटच्या नोंदीखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या तशा सांगते. "सहाय्यकाने घेतलेले मोजमापाचे आकडे बरोबर आहेत. साहित्याची नोंद सहाय्यकाने जाणूनबुजून खोटी केली आहे." त्याखाली सही, तारीख, आणि माझ्या सहीसाठी जागा.

"मान्य नसेल तर तसं लिहू शकता," ते म्हणाले.

मी सही केली. त्यांनी त्या पानाची नक्कल एका वेगळ्या कागदावर लिहून, शिक्का मारून मला दिली. साहित्य पुरवणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी बायनाबाईचं नाव नवऱ्याच्या नावासकट लिहिलं. बायनाबाईने ते मला दोनदा वाचायला लावलं.

केंद्र पुढच्या मार्चमध्ये बंद झालं. बंदीच्या डाळीवर योजना चालवता येत नाही आणि तुरीवर ती परवडत नाही, एवढं सरळ कारण होतं. बापूरावांनी माझ्यासाठी शब्द टाकायचा प्रयत्न केला, पण दुसरी ओळ त्यांनाही खोडता येत नव्हती. पुढे मी सिंदेवाहीच्या एका शाळेत प्रयोगशाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

गफ्फारभाई मला त्याआधी, डिसेंबरमध्ये, स्टेशनवर भेटले. मी गावी जायला नागभीडची लहान, नॅरोगेजची गाडी पकडायला निघाले होते. मला वाटत होतं की मी त्यांना दिलेला शब्द पाळला आहे. मी तसं म्हटलंही.

"नाव नाई सांगितलं, मालूम हाय," ते म्हणाले. "पन लाखोळी तं सांगितली ना? वडशात डाळगिरण्या किती हायत, बाई?"

तीन होत्या, आणि आमच्या जवळची एक.

"मी लाखोळी भरडनं बंद करून टाकलं. लोक आता पवनीले नेते. शकिला रोज दाराकडं पाहते, कोनी आलं का म्हून." ते रागावले नव्हते. थकलेले वाटत होते. "केसची तारीख पुढं गेली. पाहू."

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी उचलून डब्यात ठेवली आणि निघून गेले. तपासणीतला कुठलाही कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, कोणी त्यांच्या दारात गेलं नाही, पुढे ती केसही सुटली. पण हे सगळं नंतरचं. तो हिवाळा त्यांनी दाराकडे बघत काढला, आणि तो माझ्यामुळे. मी सांगितलं नसतं तर तो तसा गेला नसता. याच्यावर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. आणि दर वेळी मला हेही कळतं, की परत तसाच सोमवार आला तर मी पुन्हा सांगेन.

गफ्फारभाई स्टेशनवर भेटले त्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा बाबा ओसरीत बसून दोर वळत होते. मी त्यांना शिक्क्याचा कागद दिला आणि सगळं सांगितलं, गफ्फारभाईंचंसुद्धा. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी दोर मांडीखाली दाबला, कागद उजेडात धरला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत दोन्ही ओळी वाचल्या. पहिली वाचून थोडं थांबले. दुसरी दोनदा वाचली.

"हे खालचंबी खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग ठेव नीट," म्हणाले, आणि कागद माझ्याकडे देऊन दोर पुन्हा वळायला घेतला.